धुळीचा नकाशा, नोबेलचा शोध आणि सायटेशनचे आकडे

पावसाळा सरता सरता जिल्हा आवृत्त्यांमध्ये एक बातमी हमखास झळकते: ‘स्टॅनफर्डच्या यादीत आपल्या महाविद्यालयाचे अमुक सर, जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत समावेश’. मग सत्कार, शाल-श्रीफळ, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं पोस्टर. आनंद रास्तच आहे. पण हे २ टक्के कशाचे आणि मोजले कोणी, हे बातमीत सहसा नसतं. मुळात ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठ म्हणून काढत नाही. तिथले प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या व्यावसायिक डेटाबेसवरून ती तयार करतात. त्यातही दोन याद्या असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षाच्या सायटेशन्सची. बातमीतली यादी यातली कुठली, एवढं कळलं तरी अर्धा उलगडा होतो.

उरलेला अर्धा उलगडा करायचा तर एखाद्या शास्त्रज्ञाच्या कामाचे आकडे कसे तयार होतात ते बघावं लागेल. इथे उदाहरणादाखल खगोलशास्त्र घेऊ. एक तर या विषयातल्या लोकांचा हिशोब कुणालाही घरबसल्या, फुकट तपासता येतो. दुसरं म्हणजे या विषयात आपल्या माणसांचं, आपल्या पुण्याचं आणि नारायणगावचं खातं चांगलं मोठं आहे.

सायटेशन म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगता येतं. तुमचा पेपर दुसऱ्या कुणाच्या पेपरच्या संदर्भयादीत आला की तुमच्या खात्यावर एक सायटेशन जमा. त्यांनी तुमच्या कामावर इमारत उभी केली, तुमची चूक काढली, की प्रस्तावनेत ‘या विषयावर अनेकांनी काम केलं आहे’ म्हणत पंधरा जणांच्या घोळक्यात तुमचं नाव टाकून दिलं, मोजणाऱ्या यंत्राला यातलं काही कळत नाही. युजीन गारफील्ड यांनी १९६४मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला तेव्हा त्यामागचा हेतू होता एका पेपरवरून पुढच्या पेपरपर्यंत पोचण्याची सोय करणं. माणसांना गुण देण्यासाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला.

खगोलशास्त्रज्ञांचा हिशोब ठेवते ती एडीएस, म्हणजे अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम. नासाच्या पैशांवर, हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातून ती १९९०च्या दशकापासून चालते आहे. तिथे प्रत्येक पेपरला १९ खुणांचा एक कोड असतो: आधी वर्ष, मग जर्नलचं लघुरूप, खंड, पान आणि अगदी शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर. मोकळ्या जागी टिंबं भरलेली. खगोलशास्त्राची माणसं हा कोड बघून पेपर ओळखतात, आपण गाडीच्या नंबरवरून जिल्हा ओळखतो तसा. पेपरच्या नावावर टिचकी मारली की त्याने कुणाला उद्धृत केलं आणि त्याला कुणी उद्धृत केलं, दोन्ही याद्या समोर येतात.

आता एच-इंडेक्स. २००५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो मांडला. कृती अशी: माणसाचे सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. समजा एकीच्या पेपर्सना ४८, ३३, १२, ७, ५, ४ आणि १ अशी सायटेशन्स आहेत. पाचव्या पेपरला ५ आहेत, म्हणजे ५ पेपर असे की प्रत्येकाला किमान ५. सहाव्याला मात्र ४च. तिचा एच-इंडेक्स ५. उद्या पहिल्या पेपरची ४८ वाढून ४,८०० झाली तरी एच-इंडेक्स ५च राहील. एका उंच शिखरापेक्षा सलग पठाराला गुण देणारं हे माप आहे, आणि ते मुद्दामच तसं केलेलं आहे. शिवाय ते कधी खाली येत नाही. निवृत्तीनंतरही वाढतच राहतं. म्हणून तिशीतल्या संशोधकाची साठीतल्या संशोधकाशी एच-इंडेक्सवर तुलना करणं म्हणजे शुद्ध अन्याय. हिर्श यांनाही हे ठाऊक होतं, त्यांनी कारकिर्दीच्या वर्षांनी भागून बघायला सांगितलं होतं. त्यांच्या मूळ पेपरमध्येच भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटेन यांचा एच-इंडेक्स ११० आणि स्टीफन हॉकिंग यांचा ६२ दिलेला आहे. त्यावरून कोण कितीपट मोठा हे ज्याला काढायचं असेल त्याने खुशाल काढावं.

आकडा माणसाबद्दल किती सांगतो आणि किती गिळतो, ते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या कामावरून फार छान दिसतं. १९३१मध्ये, विशीतच, त्यांनी ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये श्वेत बटू (इंधन संपून आकसलेल्या) ताऱ्यांच्या कमाल वस्तुमानावर एक पेपर लिहिला. लांबी फक्त दोन पानं. आज शाळेतल्या मुलांनाही माहीत असलेली ‘चंद्रशेखर मर्यादा’ ती हीच. पण त्या दोन पानांत १.४ हा प्रसिद्ध आकडा शोधायला जाल तर सापडणार नाही. तिथे उत्तर आलं आहे सूर्याच्या ०.९१ पट, कारण ताऱ्याच्या द्रव्यातल्या रेणूभाराची जी किंमत तेव्हा गृहीत धरली जायची ती होती २.५. तिच्या जागी २ घातले की उत्तर १.४च्या आसपास येतं. गणित तेच, पद्धत तीच.

आता गंमत बघा. महास्फोट होणाऱ्या ताऱ्यांवर दरवर्षी शेकडो पेपर लिहिले जातात, त्यातल्या कितीतरी पेपर्समध्ये चंद्रशेखर मर्यादा हे शब्द असतात. पण त्या १९३१च्या पेपरचा संदर्भ द्यावा असं प्रत्येकाला वाटत नाही. न्यूटनचा नियम वापरताना कुणी न्यूटनचं पुस्तक संदर्भयादीत टाकतं का? शोध इतका अंगवळणी पडतो की त्याचा उगम सांगायची गरज उरत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट फार पूर्वी नोंदवून ठेवली आहे. यशाची परमावधी गाठलेल्या कामाची सायटेशन्स त्यामुळे गळतात.

मग चंद्रशेखरांना सर्वाधिक उद्धृत कशासाठी केलं जातं? त्यांच्या पेपर्समध्ये बाजी मारतो तो १९४३चा, ८९ पानांचा एक दीर्घ आढावा. विषय यादृच्छिक हालचालींचं गणित: एखादा कण असंख्य बारीक धक्के खात भरकटतो, तेव्हा तो किती वेळात कुठे पोचेल. चंद्रशेखरांना हे गणित हवं होतं तारकासमूहांतल्या ताऱ्यांसाठी. पण द्रवातला परागकण, पेशीतला रेणू, पॉलिमरची साखळी, सगळ्यांना तेच गणित लागू पडतं. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात दुर्बिणीला डोळा लावला नाही असे रसायनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ तो आढावा आजही उद्धृत करतात. नोबेल (१९८३) मिळालं ताऱ्यांच्या रचनेवरच्या कामासाठी, आणि सायटेशन्सचा पाऊस पडला दुसऱ्याच शिवारात. शिवाय १९५२ ते १९७१ अशी १९ वर्षं ते ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक होते. शिकागो विद्यापीठाचं हे जर्नल त्यांच्या हाताखाली सबंध विषयाचं अग्रगण्य जर्नल झालं. त्या १९ वर्षांसाठी कुठल्याही निर्देशांकात रकाना नाही.

आता शीर्षकातल्या धुळीच्या नकाशाकडे वळू. १९९८मध्ये दोन पेपर आले. एक अ‍ॅडम रीस आणि सहकाऱ्यांचा: दूरच्या ताऱ्यांच्या महास्फोटांवरून दिसतं की विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने होतंय. सॉल पर्लमटर यांच्या गटाचा तशाच निष्कर्षाचा पेपर १९९९चा. या शोधाला २०११चं नोबेल मिळालं. दुसरा पेपर डेव्हिड श्लेगल, डग्लस फिंकबायनर आणि मार्क डेव्हिस या तिघांचा. त्यांनी उपग्रहांच्या अवरक्त निरीक्षणांवरून आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा तयार केला, कुठल्या दिशेला किती धूळ. वर्तमानपत्रात मथळा होईल असं त्यात काहीच नाही. पण आकाशगंगेबाहेरचं काहीही बघायचं तर या धुळीतूनच बघावं लागतं. धूळ प्रकाश खाते, उरलेला लालसर करते. मग दुर्बिणीतून मोजलेल्या तेजात दुरुस्ती करायची, आणि ती दुरुस्ती करताना नकाशा उद्धृत करायचा. दोन्ही पेपर्सची सायटेशन्स आज दहा हजारांच्या वर आहेत. टोलनाक्यावरून किती गाड्या गेल्या यावरून त्या गावाची थोरवी ठरत नाही, पण तो रस्ता किती जणांना लागतो ते बरोबर कळतं. सायटेशनचा आकडा हा असा नाक्यावरचा आकडा आहे.

धुळीला कमी लेखलं की काय होतं तेही खगोलशास्त्रज्ञांनी बघितलंय. मार्च २०१४मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं की विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडला. जगभर शॅम्पेन. २०१५च्या सुरुवातीला प्लँक उपग्रहाच्या माहितीशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं, दिसलेल्या संकेताचं स्पष्टीकरण आपल्याच आकाशगंगेतली धूळ देऊ शकते. दावा मागे पडला, पण पेपरची सायटेशन्स हजाराच्या पुढे गेली. चूकही उद्धृत होते, कधी कधी बरोबरपेक्षा जास्त.

नाक्याचा हिशोब आपल्या घरचाही आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. तिचे जनक गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात दुर्बिणीचं वर्णन करणारा पेपर लिहिला. जगात कुणीही जीएमआरटी वापरली की बहुधा तो पेपर उद्धृत करतात. ‘परदेशी जर्नलमध्ये छापलं नाही तर कुणी विचारत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांना हे उदाहरण ऐकवायला हरकत नाही. त्याच दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झला केलेल्या आकाश-सर्वेक्षणाची कच्ची माहिती ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने तपासली आणि २०१७मध्ये सहा लाखांहून अधिक रेडिओ-स्रोतांची सूची खुली केली. आता ती सूची उद्धृत होते, आणि निरीक्षणं करून ठेवणारे मूळ लोक बहुधा पेपरच्या शेवटच्या आभारांत येतात: ‘ही निरीक्षणं शक्य करणाऱ्या जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांचे आभार’. आभार सायटेशनमध्ये धरत नाहीत.

कुरुंदवाडला जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात कॅलटेकला काम करणारे श्रीनिवास कुलकर्णी यांचं खातं उघडलं तर लेखकांच्या क्रमाचा घोळ कळतो. १९८२मध्ये सेकंदाला सुमारे ६४२ गिरक्या घेणारा पल्सार (ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा) सापडला, मिलिसेकंद पल्सारचा पहिला शोध. कुलकर्णी तेव्हा बर्कलीला विद्यार्थी होते, पेपरवर त्यांचं नाव दुसरं, डोनाल्ड बॅकर यांच्यानंतर. १९९५मध्ये ग्लीझ २२९बी हा तपकिरी बटू (ग्रहाहून मोठा, पण तारा होण्याइतका जड नसलेला गोल) सापडला, तिथे नाव तिसरं. पहिलं नाव तदाशी नाकाजिमा यांचं. खगोलशास्त्रातला रिवाज असा की ज्याने प्रत्यक्ष काम ओढलं त्याचं नाव आधी, मार्गदर्शक मागे. आता ‘२ टक्के’ यादीचा गुणांक बघा: त्यातल्या सहा घटकांपैकी तीन घटक फक्त एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक असलेल्या पेपर्सवर बेतलेले आहेत. म्हणजे दोन ऐतिहासिक शोध, आणि तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या जागेला निम्म्या घटकांत शून्य. कुलकर्णींना २०२४चा शॉ पुरस्कार मिळाला तो अर्थातच गुणांक बघून दिलेला नाही. त्यांनी उभी केलेली झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी रात्रीमागून रात्री आकाशात काय बदललं ते टिपते आणि त्याच्या सूचना जगाला खुल्या करते. तिच्या वर्णनाचा २०१९चा पेपर हा पुन्हा टोलनाकाच.

आणि मग हजार लेखकांचे पेपर. फेब्रुवारी २०१६मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या थेट नोंदीचा पेपर आला, त्यावर हजारांहून अधिक नावं, वर्णानुक्रमे. पहिलं नाव अ‍ॅबट. त्यामुळे या लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाचं जवळजवळ प्रत्येक मोठं काम जगात ‘अ‍ॅबट आणि इतर’ म्हणून ओळखलं जातं. आडनाव ‘ए’वरून सुरू होण्याचा इतका फायदा शाळेतल्या हजेरीपटानंतर इथेच. इतरांमध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतली मंडळी आहेत. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१मध्येच, म्हणजे शोधाच्या पाव शतक आधी, गोंगाटातून असा संकेत कसा गाळून काढायचा याचं गणित मांडलं होतं. २०१७मधल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरच्या एकत्रित पेपरवर तर तीन हजारांहून अधिक लेखक आहेत. अशा पेपरची सगळी सायटेशन्स प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात. एडीएस म्हणून दुसराही एक आकडा दाखवते, सायटेशन्स भागिले लेखकसंख्या. पहिला आकडा डोळे दिपवणारा आणि दुसरा अगदीच किरकोळ असेल, तर समजावं की माणूस मोठ्या जथ्यात आहे. त्यात कमीपणा नाही, पण एकट्याने पेन्सिल घेऊन बसणाऱ्या सिद्धांतकाराशी त्याची तुलनाही नाही.

आढावा लेखांचं तंत्र आणखी वेगळं. प्रवेगी प्रसरणाचा शोध लागल्यावर जगभरच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न पडला, त्यामागे असू शकणारा हा वैश्विक स्थिरांक म्हणजे नेमकी काय भानगड? आयुकातले वरुण साहनी यांनी रशियाच्या अलेक्सेई स्तारोबिन्स्की यांच्यासह २०००मध्ये आणि आयुकातलेच थानू पद्मनाभन यांनी २००३मध्ये त्यावर सविस्तर आढावे लिहिले. दोन्हींची सायटेशन्स हजारोंच्या घरात. वेळ अचूक साधली होती, आणि लिहिलंही होतं उत्तम. विषय समजावून सांगणं हे संशोधनापेक्षा हलकं काम आहे असं मानणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

उलट वेळ चुकली तर? फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३मध्ये, जर्मन भाषेत, एका स्विस नियतकालिकात लिहिलं की कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात की दिसतं त्याहून कितीतरी जास्त, न दिसणारं द्रव्य तिथे असलं पाहिजे. कृष्णद्रव्याचं हे जुनं आणि ठळक सूतोवाच. पुढची चार दशकं ते जवळपास पडून राहिलं. १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन आणि इतरांची निरीक्षणं आल्यावर लोक मागे वळले. झ्विकी १९७४मध्ये वारले. त्यांच्या हयातीत कुणी त्या पेपरचे गुण काढले असते, तर बढती अडली असती.

हेन्रिएटा लेव्हिट यांचं नाव तर मोजणीच्या आधीच पुसलं जाण्याची शक्यता होती. रूपविकारी (ठरावीक काळाने कमी-जास्त तेजस्वी होणाऱ्या) ताऱ्यांचं तेज आणि त्यांचा आवर्तनकाळ यांचं नातं त्यांनी शोधलं, विश्वातली अंतरं मोजण्याची पहिली भक्कम पट्टी. हे छापून आलं ३ मार्च १९१२च्या हार्वर्ड वेधशाळेच्या १७३व्या परिपत्रकात, आणि खाली सही आहे वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची. पहिल्याच वाक्यात मात्र त्यांनी लिहून ठेवलं की पुढचं निवेदन मिस लेव्हिट यांनी तयार केलं आहे. त्या एका वाक्यामुळे आज एडीएसवर लेव्हिट यांचं नाव लेखक म्हणून आहे. किती परिपत्रकांमध्ये असं वाक्य नसेल, त्याचा हिशोब कुठल्याही डेटाबेसला लागणार नाही.

जयंत नारळीकरांबद्दल विचारणारे भेटतातच: ‘त्यांचा एच-इंडेक्स किती?’ फ्रेड हॉएल यांच्याबरोबरचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४चा. विश्वाच्या जन्माच्या महास्फोट (बिग बँग) सिद्धांताला पर्याय शोधत राहणं हा त्यांचा आयुष्यभराचा पिंड. बहुसंख्य लोक ज्या रस्त्याने जातात त्यावर नाका टाकला की सायटेशन्स मिळतात, दुसरीकडे टाकला की कमी मिळतात. आणि १९८८मध्ये स्थापन झालेली आयुका, जिथे राज्यातल्या आणि देशातल्या विद्यापीठांचे शिक्षक येऊन संशोधन करू लागले, ती त्यांच्या नावावर पेपर म्हणून नोंदवता येत नाही. त्या शिक्षकांच्या पेपर्सची सायटेशन्स त्या शिक्षकांच्या खात्यात जातात, आणि तेच योग्य आहे.

तेव्हा कुणाचे आकडे समोर आले की आधी पेपर्सची यादी उघडा आणि वरचे पाच पेपर वाचा, निदान त्यांची शीर्षकं. उपकरणाचं वर्णन, सूची, आढावा, हजार लेखकांचा संयुक्त पेपर, की एकट्या-दुकट्याचा शोध? स्वतःची स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळून आकडा किती उतरतो? थोडा उतरणं स्वाभाविक आहे, कारण आपल्याच कामावर पुढचं काम रचलं जातं. धाडकन उतरला तर मात्र भुवई उंचवावी. विश्वरचनाशास्त्रासारख्या गर्दीच्या उपविषयातला आकडा आणि धूमकेतूंवर काम करणाऱ्याचा आकडा एका तराजूत घालू नये. मुलाखतीत, बढतीत फक्त जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपर्सना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा) बघू नका, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२मध्येच निघाला. पण एपीआयचे, म्हणजे नेमणूक-बढतीसाठी लावलेले गुण जुळवत बसलेल्या आपल्या प्राध्यापकांना त्याचा किती उपयोग झाला ते त्यांनाच विचारा.

एक शेवटची, अगदी मराठी अडचण. शोधखिडकीत जोशी, पाटील किंवा कुलकर्णी टाकून पुढे आद्याक्षर ‘एस’ दिलं, की एकाच नावाखाली पाच-सहा माणसांची कामं गोळा होऊन येतात. एखाद्या होतकरू पाटलाचा एच-इंडेक्स अचानक भलताच दिसू लागतो, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं खातं अर्ध्यावर तुटतं. यावर उपाय ऑर्किड नावाचा १६ अंकी क्रमांक, जो संशोधकाने एकदाच काढायचा आणि प्रत्येक पेपरला जोडायचा. फुकट मिळतो. तो नसेल तर यादीतला प्रत्येक पेपर उघडून संस्थेचं नाव आणि विषय जुळतो का ते बघावं लागतं, आणि तोवर कुठलाही आकडा कुणाच्याही सत्कारात वाचून दाखवू नये.